वाटेतला माल

जुलै महिना आला की लोकांना भजी आठवतात, वारी आठवते. मला खोकी आठवतात.

"तू नक्की करतेस तरी काय गं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना विचारला गेलाय. या सदरात मी प्रवासाबद्दल लिहिलं, खाण्याबद्दल लिहिलं, हॉटेलातल्या दगडी उशांबद्दलही लिहिलं. कामाबद्दल लिहायचं टाळलं, कारण ते ऐकताना समोरच्याचे डोळे मिटायला लागतात. आज मात्र लिहायला हवं. आजची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

तर, मी औषधांच्या गोदामांत जाऊन माल मोजते. कंपनीच्या कॉम्प्युटरवर लिहिलेला माल आणि फळीवर खरोखर असलेला माल जुळतो का, एवढंच बघायचं. याला स्टॉक ऑडिट म्हणतात. ३१ मार्चची मोठी मोजणी असते आणि ३० जूनची जरा छोटी. ती करायला जुलै उजाडतो, म्हणून जुलैत माझी बॅग खाली ठेवली जात नाही.

मोजणीचे नियम मला आवडतात. मोजणी चालू असेपर्यंत माल आत येऊ द्यायचा नाही, बाहेर जाऊ द्यायचा नाही. मोजणाऱ्याला कॉम्प्युटरवरचा आकडा दाखवायचा नाही, कारण २४० लिहिलेलं दिसलं की डोळ्यांना २४०च दिसतात. एकच फळी दोघांनी वेगवेगळी मोजायची, नाही जुळलं तर तिसऱ्यांदा. खोकं मोजून भागत नाही, बॅच नंबर आणि एक्स्पायरीही बघायची. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर गेला पाहिजे. इन्सुलिन आणि लशी २ ते ८ अंशांच्या थंड खोलीत असतात. तिथे जाकीट घालून मोजावं लागतं आणि दहा मिनिटांत बोटं पेन धरायचं विसरतात. बाहेर यावं तर चष्म्यावर धुकं.

सगळ्यात घोळ घालतो तो वाटेतला माल. समजा, ३० जूनच्या रात्री भिवंडीहून ट्रक निघाला आणि इंदूरला अजून पोचलेला नाही. भिवंडीत मोजाल तर माल नाही. इंदुरात मोजाल तर तिथेही नाही. माल तर आहे, कुठल्यातरी घाटात ताडपत्रीखाली बसलाय. पण ज्याला विचाराल तो म्हणणार, आमच्याकडे नाही. तो वेगळ्या रकान्यात लिहायचा असतो.

इंदूरच्या गोदामात एक स्टोअरकीपर काका आहेत. त्यांचं घराणं होळकरांच्या काळापासून तिथलंच. मराठी अगदी आपली, मधूनच हिंदीच्या वळणावर जाणारी. "ताई, वाटेतला माल अलग लिहा हां, नाहीतर फसून जाल," असं ते दर वेळी बजावतात. या वेळी चहा पिताना त्यांनी विचारलं, तुमचं घर नेमकं कुठे? मी सांगितलं, भाड्याची खोली पुण्यात, आईबाबा आणि रेशनकार्ड साताऱ्यात, बॅग सध्या तुमच्या टेबलाखाली. काका हसले. "म्हणजे तुम्ही पण वाटेतलाच माल!"

मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

पुण्याहून इंदूर नकाशात सरळ वर दिसतं. गाडी मात्र कल्याण, वसई, सुरत, वडोदरा, रतलाम असं गुजरात फिरून नेते. २ जुलैच्या दुपारी मी निघाले आणि ३ला सकाळी इंदूरला उतरले. स्टेशनाबाहेरच पोहे-जिलबी, वर शेव आणि जीरावन. पहिले दोन दिवस नुसती खोकी. ५ तारखेला शनिवार होता. संध्याकाळी काम आटपलं आणि मी सराफ्यात गेले. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, दिवसभर ही सोन्या-चांदीची पेठ असते. रात्री दुकानांची शटरं पडली की त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी माणसं खातच असतात. पावसाळा, म्हणून भुट्ट्याचा कीस होता. कोवळ्या मक्याचा, दुधात शिजवलेला, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. मी पहिला घास घेतला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. एकटीने असं काही खाताना मला अपराधी वाटतं.

फोन आईने उचलला. मागे फिकट हिरवा पडदा होता.

"कुठे आहात?"

"मामाकडे. कऱ्हाडला आलोय."

"बाबा कुठायत?"

आईने फोन फिरवला. बाबांचा चेहरा एकदम जवळून, कपाळ आणि मिशाच फक्त. त्यांना फोन लांब धरता येत नाही, त्यामुळे मला काही वाटलं नाही. मी सराफा दाखवला, परातीएवढी जिलबी दाखवली, कीस दाखवला. "माझ्या वाटचा एक घास जास्त घे," बाबा म्हणाले. आवाज बसल्यासारखा होता. मधेच टीं-टीं असं काही वाजलं.

"ते काय वाजतंय?"

"मामाचा फ्रीज. दार उघडं राहिलं की वाजतो. तू खाऊन घे गं, उद्या आषाढी आहे."

मी खाऊन घेतलं. दहीवडाही खाल्ला.

पुढचा आठवडा वडोदऱ्याला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दांडिया बाजारात अजून रस्त्यात मराठी कानावर पडतं आणि सेव-उसळ खाताना आपलीच मिसळ वाट चुकून गुजरातेत गेल्यासारखी वाटते. मोजणी जुळली. तिथून पुण्याला एक रात्र फक्त कपडे धुवायला, आणि मग हुबळी.

हुबळीला मी पहाटे अडीच वाजता उतरले. हॉटेलवाला म्हणाला, तुमचं ऑनलाइन बुकिंग आमच्याकडे आलेलंच नाही, सगळ्या खोल्या भरल्यात. आणखी दोन दारं वाजवली, कुणी उघडलं नाही. रस्त्यावर कुत्री होती आणि एक रिक्षावाला विनाकारण मागे येत होता. मी सरळ स्टेशनावर परत आले. हुबळीचा फलाट जगातला सगळ्यात लांब आहे, १५०७ मीटर. २०२३ मध्ये सुरू झाला. रेल्वेची ही माहिती सामान्यज्ञानात पाठ करतात, मी ती पायांनी शिकले. बसलं की भीती वाटायची, म्हणून उजाडेपर्यंत त्या फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बॅग ओढत चालत राहिले. सकाळी सात वाजता आईचा मेसेज आला, "पोचलीस का? हॉटेल कसं आहे?"

मी लिहिलं, "मस्त. गरम पाणीही आहे."

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

हुबळीहून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसेस साताऱ्यावरून जातात. २६ जुलैला पहाटे हायवेवर उतरले. तिथे दर वेळी बाबा स्कूटर घेऊन उभे असतात, कानाला मफलर, मे महिना असला तरी. या वेळी शेजारचा मुलगा आला होता. "काकांना जरा कणकण आहे," म्हणाला. ठीक आहे, पावसाळा आहे.

सकाळी पोहे झाले. मीठ कमी होतं. आईच्या पोह्यांत मीठ कमी म्हणजे जिलबीत साखर कमी असण्यासारखं. मी इंदूरहून आणलेली शेव आणि जीरावन बाहेर काढलं. बाबांनी पुडीला हात लावायचा अवकाश, आईने ती उचलून फडताळात टाकली. "ॲसिडिटी झालीय त्यांना." बाबांनी काही न बोलता मिठाविना पोहे खाल्ले. माझे बाबा, जे भाजीत मीठ बरोबर असलं तरी वरून घेतात.

तरी मला कळलं नाही. लोकांच्या गोदामात एक खोकं कमी असलं तर माझ्या नजरेतून सुटत नाही.

दुपारी डोकं दुखत होतं म्हणून औषधांचा डबा उघडला. तुमच्याकडेही असेल असा डबा, बिस्किटांचा, झाकणावर लंडनचा पूल. आत बाम, पट्ट्या, २०१९ सालचं कसलं तरी डोळ्यांचं औषध, बाबांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या. आणि त्याखाली एक पट्टी जी त्या डब्यातली नव्हती. रक्त पातळ ठेवणारी गोळी. हाच माल मी याच महिन्यात इंदूरला फळीभर मोजला होता. तिच्याखाली जिभेखाली ठेवायच्या इवल्याशा गोळ्यांची पट्टी. तिच्याखाली कोलेस्टेरॉलची, चांगल्या मोठ्या मात्रेची. एकेकटं औषध कशाचंही असू शकतं. तिन्ही एका डब्यात असली की अर्थ एकच निघतो.

मी हाक मारली नाही. आधी मोजलं. सवय. पंधरा गोळ्यांची पट्टी. एक पूर्ण रिकामी, आईने नेहमीसारखी जपून ठेवलेली, आणताना नाव दाखवायला. दुसरीतल्या चार गेलेल्या. रोज एक. १९ दिवस. आज २६, म्हणजे पहिली गोळी घरी घेतली ८ तारखेला. त्याआधी तीन-चार दिवस दवाखाना. म्हणजे ४, ५.

५ तारखेला शनिवार होता. फिकट हिरवा पडदा. मामाच्या घरात एकही पडदा हिरवा नाही.

आई चहा घेऊन आली, तिने माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि कप खाली ठेवला. "सापडलं का?" एवढंच म्हणाली. मला वाटतं, तिला सुटल्यासारखं झालं.

झालं होतं ते असं. दोघं खरोखरच कऱ्हाडला मामाकडे गेली होती, तेवढं खरं. ३ तारखेला रात्री जेवणानंतर बाबांना घाम फुटला, डावा हात आणि जबडा दुखायला लागला. गॅस असेल म्हणून त्यांनी ओवा चावला. आईने पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि मामाला गाडी काढायला लावली. ती पंधरा मिनिटं ती स्वतःला अजून माफ करत नाही. दवाखाना जवळ होता. पहाटे अँजिओप्लास्टी झाली, मनगटातून, एक स्टेंट. ५ तारखेला ते साध्या खोलीत होते, टीं-टीं करत होतं ते सलाइनचं यंत्र. ७ला घरी सोडलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती, की ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आम्हाला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही.

मी चिडले. खूप चिडले. मोठ्याने बोलले, जे आमच्या घरात कुणी करत नाही. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "ड्यूटीवर असलेल्या माणसाला घरचं सांगायचं नसतं."

बाबा एसटीत कंडक्टर होते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांसाठी सांगते, एसटी म्हणजे आमची सरकारी लाल गाडी, आणि ज्या गावाला दुसरं काही जात नाही तिथे ती जाते. संध्याकाळी डेपोतून सुटायचं, रात्री शेवटच्या गावाला पोचायचं, गाडीतच नाहीतर देवळात झोपायचं आणि पहाटे गावातली दूध-भाजी, शाळा-कॉलेजची पोरं घेऊन परत फिरायचं. याला मुक्कामी गाडी म्हणतात. बाबांनी कास पठारावरून बामणोलीच्या बाजूला जाणाऱ्या मुक्कामी गाड्या वर्षानुवर्षं केल्या. मी लहान असताना बाबा घरी असणं ही विशेष गोष्ट असायची. फिरतीची नोकरी या घरात मी आणलेली नाही.

त्या दुपारी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. माझा जन्म व्हायच्या आधीची. तेव्हा फोन नव्हते, निरोप गाड्यांवरूनच जायचे. ते पहाटेची गाडी घेऊन मुक्कामाहून परत येत होते. घाटात समोरून येणारी एसटी शेजारी थांबली, खिडकीला खिडकी लागली आणि तिकडच्या ड्रायव्हरने सांगितलं, "मास्तर, वडिलांचं जास्त आहे. घरी जा." सांगून तो पुढे गेला. बाबांच्या गाडीत पन्नासवर माणसं. साताऱ्याला पोचायला अजून तासभर. प्रत्येक थांब्यावर माणसं चढत होती, तिकीट फाडायचं, पंच करायचं, सुटे द्यायचे. डेपोत गेल्यावर वेबिल भरल्याशिवाय, तिकिटं आणि रोकड जुळवून दिल्याशिवाय सुटका नाही. रोकड ३८ रुपये कमी आली. बाबांनी खिशातून भरली, दुसरी गाडी पकडून घरी गेले. आजोबा गेले होते.

"ऐकून मी काय केलं सांग," बाबा म्हणाले. "गाडी लवकर पोचली? ३८ रुपये तेवढे कमी आले. त्या दिवशी ठरवलं. माणूस ड्यूटीवर असला की सांगायचं नाही. उतरला की सांगायचं."

मी गप्प बसले, कारण त्यात चूक काढता येईना. ४ तारखेला मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? इंदूरहून मिळेल त्या गाडीने निघाले असते, सतरा-अठरा तास रडत आले असते आणि ऑपरेशन होऊन गेल्यावर पोचले असते. हे सगळं मला कळत होतं. मग एकदम वाटलं ते बोलले.

"पण बाबा, मी उतरते कुठे?"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुमची मुक्कामी गाडी सकाळी डेपोत यायची. माझी येतच नाही. इंदूर झालं, वडोदरा झालं, हुबळी झाली. आज पहाटे उतरले ना? आज तरी सांगितलंत?"

"सोमवारी तुझं हैदराबाद आहे ना," बाबा हळूच म्हणाले.

एवढा वेळ आई काही बोलली नव्हती. ती चहाचे कप उचलत होती. कप ट्रेमध्ये जरा जोरात ठेवले गेले.

"तुमच्या दोघांच्या ड्यूट्या झाल्या सांगून? मग आता माझी कुणी लिहिणार आहे का?"

आमच्या घरात आई असं बोलत नाही. मग ती उभ्याउभ्याच बोलली. फॉर्मवर सही तिने केली. वाचायचा चष्मा मामाच्या घरी राहिला होता, तर न वाचता केली. त्यांनी विचारलं, मुलं? तिने सांगितलं, मुलगी आहे, टूरवर आहे. पहाटे दारावरच्या दिव्याकडे बघत ती एकटी बसली होती, मामा पैशांची सोय बघायला गेला होता. माझा कॉल आला तेव्हा तिने दोन दिवस धड काही खाल्लं नव्हतं. "आणि तू मला कीस दाखवत होतीस. मी म्हटलं, छान आहे. काय म्हणणार? ह्यांनी शपथ घातलेली. ते झोपले की मी बाहेर जाऊन तुझा नंबर काढायची आणि परत ठेवून द्यायची. ह्यांना तुझी काळजी, तुला ह्यांची काळजी. मधल्या माणसाने काय करायचं?"

बाबांनी मान खाली घातली. मीही. मुक्कामी गाडीच्या त्या सगळ्या रात्री आईने घरी एकटीने काढल्या होत्या, मला तापात मांडीवर घेऊन, आणि सकाळी बाबा आले की "सगळं ठीक" म्हणून डबा भरला होता. ते मला त्या क्षणी दिसलं. त्या वेबिलात तिची नोंद कुठेच नव्हती.

मग मी हुबळीचा फलाट सांगितला. सांगणं भागच होतं. इतरांनी लपवलं म्हणून एवढा आरडाओरडा करायचा आणि स्वतःचं गरम पाणी तसंच ठेवायचं, हे कुठल्याच ऑडिटमध्ये बसत नाही. आई तासभर माझ्याशी बोलली नाही. भाकऱ्या थापण्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा होता. रात्री जेवायला बसल्यावर तिने विचारलं, "किती लांब आहे म्हणालीस तो फलाट?"

"दीड किलोमीटर."

"दीड किलोमीटर?" बाबा म्हणाले. "एवढ्यात आमच्या गाडीचे दोन थांबे झाले असते." मग आई हसली. मीठ कमी असलेली आमटी होती. तिघांनी तीच खाल्ली.

सोमवारी मी हैदराबादला गेले नाही. चार वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलं. साहेबांना सगळं सांगितलं आणि तीन महिने अशीच गोदामं मागितली, जिथून रात्रीतून घरी पोचता येईल. पुणे, कोल्हापूर, नाशिक, भिवंडी. त्यांनी दिली. लांबच्या फिरतीचा भत्ता गेला, त्यातूनच माझ्या स्कूटरचा हप्ता जायचा. वरच्या जागेसाठी माझं नाव होतं, ते "पुढच्या वर्षी बघू" झालं. हे बरोबर केलं का? अजून ठरवू शकत नाही. हैदराबादचं काम ज्या मुलीला मिळालं तिचे फोटो बघते तेव्हा पोटात तुटतं. आणि ज्यांच्यासाठी केलं त्या बाबांनाच ते अजिबात पटलेलं नाही. "माझ्यापायी पोरीची ड्यूटी बदलली," असं मामाला सांगत होते. दोन दिवस माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलले.

तरी एक नियम तिघांनी मिळून केला. रोज संध्याकाळी फोन, आणि त्यात आधी खरं, मग बाकीचं. वाईट बातमी असेल तर ती सांगायची की नाही हे आई ठरवणार, आम्ही दोघं नाही. घरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी आता रोज एक टिकली असते, गोळी घेतल्याची. आणि दर रविवारी दुपारच्या गोळीनंतर बाबा मला पट्टीचा फोटो पाठवतात, खाली लिहितात, शिल्लक अमुक. निवृत्त कंडक्टरला हिशेब द्यायला आवडतो. मी इकडे मोजून "जुळलं" असं उत्तर देते.

१७ ऑगस्टला रविवार होता. मी कोल्हापूरच्या गोदामात होते, रविवारी मालाची ये-जा बंद असते म्हणून मोजणी तेव्हाच बरी पडते. दुपारी फोटो आला. बाबांचा अंगठा, पट्टी आणि खाली "शिल्लक ५".

मी खोक्यावर बसूनच हिशेब केला. ८ जुलैपासून ४१ दिवस. दोन पट्ट्या संपल्या, तिसरीतल्या ११ गेल्या. चार उरायला हव्यात. पुन्हा मोजलं. फोटो मोठा करून मोजलं. पाचच.

फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला.

"माहितेय," मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "काल डेपोतल्या जुन्या मंडळींबरोबर गेले होते. गोळी खिशात राहिली. संध्याकाळी कालनिर्णयावर टिकली दिसेना तेव्हा मला कळलं. डॉक्टरांना लगेच फोन केला. आज दोन घेऊ नका, नेहमीचीच घ्या म्हणाले. आणि त्यांना जे बोलायचं ते मी बोलून झालंय, तू परत बोलू नकोस."

"काल सांगितलं का नाहीस मग?"

"काल तू नऊ वाजता फोन केलास, दमलेली होतीस. मी ठरवलं, उद्या सांगू. ठरवायचं माझ्याकडे आहे ना?"

मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, वेबिलात एक तिकीट जास्त आलं."

"ऐकलंस?" आई म्हणाली. "आणि तू जेवलीस का? खरं सांग."

दुपारचे तीन वाजत आले होते. समोर अजून सहा फळ्या होत्या.

"नाही अजून," मी म्हटलं.